पिक्चरखालची पट्टी

शनि. १४ नोव्हें.

हे पुण्याहून आले. मांजरसुंब्याला एसटी फेल झाली, अर्धा दिवस ढाब्यावर बसून काढला, त्यामुळं तोंड आंबट. पण पिशवीत सीडी! मी सांगितलेलीच. ते जुनं हुकूमशहाचं काळंपांढरं पिक्चर, कंपनीनं धुऊन-पुसून लख्ख करून घरी बघायला काढलंय. लहानपणी नारायणगडाच्या जत्रेत तंबूत बघितलं होतं. पडद्यावर नुसता रेघांचा पाऊस, माणसांची तोंडं चुन्यात बुडवल्यासारखी, अन् शेवटाला रीळच तुटलं. वडील म्हणले, चला, मेला असंल हुकूमशहा. मेला का नाही, मला अजून ठाऊक नाही.

उद्या दुपारी आपल्या केबलवर लावणार. हे म्हणतात, रंगीत लाव, फायटिंगचं लाव. म्हणलं, खांबावर तुम्ही, कंट्रोलरूममधी मी. आधी एकटी बघणार नाही. सगळ्या गावाबरोबर बघणार.

गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन आबासाहेब, त्यांचा वाढदिवस बावीसला, पण सप्ताह आजपासूनच. पट्टी सुरू केली. आरती असो, बातम्या असो, खाली पट्टी पळणार अन् कोपऱ्यात फोटो. दरसालचंच.

रवि. १५

मेलो आम्ही.

पिक्चर लागलं. काय स्वच्छ! हुकूमशहा सज्ज्यात येतो, छातीवर बिल्लेच बिल्ले, खाली लोकं हात जोडून उभी. अन् त्याच्या पायाखालून पट्टी पळतेय: ‘गोरगरिबांचे कैवारी, आमचे दैवत, मा. आबासाहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!’ कोपऱ्यात आबांचा हसरा फोटो.

मला दिसलंच नाही. देवाशप्पत. इतकी वर्षं बघून ती पट्टी डोळ्याला दिसतच नाही, भिंतीवरच्या पालीसारखी. फोन वाजला तेव्हा कळलं. मागल्या गल्लीतल्या काशीबाई, हसून हसून धाप लागलेली. “अगं बया वैनी, लई हिंमत तुमची!”

म्हणलं, कसली हिंमत? मग स्क्रीनकडं बघितलं. 

पट्टी काढावी तर सप्ताहात आबांची पट्टी काढली म्हणून बोंब. पिक्चर बंद करावं तर का बंद केलं म्हणून बोंब. हात तसाच बटनावर. इतक्यात सगळंच काळं झालं. सोसायटीच्या गच्चीवरून जाणारी आपली मेन वायर कापली. सोसायटी आबांची.

शेवट परत राहिला.

सोम. १६

बापू आला. आबांचा भाचा. ह्याला स्वतःची केबल टाकायचीय, डिश दिवाळीपासून सोसायटीच्या गच्चीवर येऊन पडलीय. बसला नाही.

“मन्मथ, माज आला काय बे तुला?”

ह्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मीच आतून म्हणलं, “बापू, पट्टी तुमच्याच ऑफिसातनं लिहून आलती.”

“वैनी, तुमी मधी बोलू नगा. शनिवारपतुर पट्टीवर माफी लावा. न्हाईतर समदं गाव माझ्या डिशला जुडंल.”

जाताना म्हणला, वायर जोडून देतो, माफीपुरती.

ह्यांनी भावाच्या कापड दुकानातला वाटा सोडून केबल घेतली. ही गेली की आम्ही रस्त्यावर. बापूला ते पक्कं माहीत आहे.

मंगळ. १७

माफी लिहायला बसले. ‘पिक्चरमधील हुकूमशहाचा आणि मा. आबासाहेबांचा काहीही संबंध नाही.’ ह्यांना वाचून दाखवली. म्हणले, बरी हाय. मग स्वतःच कपाळाला हात लावला. ज्यानं पिक्चर बघितलं नाही तो पण विचारणार, कोणता हुकूमशहा बे?

दुसरी: ‘साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग.’ ही तर त्याच्याहून वाईट.

तिसरी: ‘चुकीच्या पिक्चरखाली पट्टी गेली.’ मग बरोबर पिक्चर कोणतं?

कशीही फिरवा, माफी मागायची म्हणजे आपल्याच तोंडानं सांगायचं, की होय, तो आबाच. इतके दिवस कुणी बोललं नाही, ते आम्ही पट्टीवर पळवायचं!

“काही पण लिही,” हे ओरडले. “तुझ्या त्या पिक्चरपायी...”

पुढचं गिळलं. जेवले पण नाहीत. मला रागानं रडू आलं.

गुरु. १९

पेठेतली लाईन गेली म्हणून हे खांबावर चढले. बापूची दोन माणसं आली अन् शिडी धरून उभी राहिली. नुसती धरली का हलवली, हे सांगत नाहीत. घरी आल्या आल्या शिडी आत घेऊन दाराला कडी लावली.

मी म्हणलं, लिहिते बाबा माफी. जीव नको जायला. कॉम्प्युटरपुढं बसले अन् फोन. आबा स्वतः.

“सूनबाई, गाव हसतंय म्हणं. मी ते पिच्चर बघितलंच न्हाई. उद्या घेऊन या बंगल्यावर.”

ह्यांनी सीडी पुसून पिशवीत ठेवली. 

शुक्र. २०

जसं झालं तसं लिहिते.

हॉल भरलेला. बापू, सोसायटीची मंडळी, ठेकेदार. मधल्या खुर्चीत आबा. आतल्या दारात पडद्याआड त्यांच्या मंडळी, अक्कासाहेब. मी सीडी लावली.

एक जागा आहे. हुकूमशहा दरबारात विनोद सांगतो, अगदी भिकार. कुणी हसत नाही. सगळे तिरप्या डोळ्यानं त्याच्या तोंडाकडं बघतात, हा हसला की हसायचं. जत्रेत त्या पावसात हे डोळे दिसलेच नव्हते. आता एकेक डोळा लख्ख.

मी वळून बघितलं. हॉलमधला एक पण माणूस टीव्हीकडं बघत नव्हता. सगळे आबांकडं.

अन् पडद्याआडून अक्कासाहेब हसल्या. मोठ्यानं, पोट धरून.

आबांनी मान वळवली. बापूकडं बघितलं, मग एकेकाकडं. ज्याच्याकडं बघतील तो खाली बघायचा.

“बंद करा.”

मी बंद केलं.

“कधीपासून असं बघताय रे तुमी माझ्याकडं?”

 बापू हसला. त्याला वाटलं विनोद आहे. आबा नव्हते हसले.

मग आबांनीच सीडी माझ्या हातात दिली. “परवा लावा. पहिल्यापासून, समद्या गावाला.”

“अन् माफी?” हे कसंबसं बोलले.

“कशाची माफी?”

“अन् पट्टी?” मी विचारलं. ह्यांनी कोपर मारलं मला.

आबा बघत राहिले. राग का काय, काही कळू देईनात. “तुमीच ठरवा, सूनबाई.”

शनि. २१

उद्याच वाढदिवस. पट्टी काढली तर ऐन वाढदिवशी काढली. ठेवली तर ह्या वेळेला चुकून झालं म्हणता येणार नाही.

हे सकाळी म्हणले काढ. आता म्हणतात ठेव. बापूचा माणूस समोरच्या पानटपरीवर कालपासून बसून आहे. आबा खरंच म्हणले, का परीक्षा घेतायत? महादेवाला जाऊन आले, तो पण गप्प.

रवि. २२

गल्लीत चिटपाखरू नाही, सगळे टीव्हीपुढं. हे सोसायटीच्या गच्चीवर, वायरीजवळ. जाताना म्हणले, “तुला जे करायचं ते कर. वायर मी बघतो.” लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी म्हणले नव्हते. 

अक्कासाहेबांचा फोन. “लाव गं. मी बसलेय, हे पण बसलेत.” पट्टीचं विचारणार तोवर मागून आबा खोकले, अन् फोन ठेवला गेला.

सीडी आत घेतली. फिरतेय. पट्टी तयार, कोपऱ्यातला फोटो तयार, एक बटन दाबायचं का नाही एवढंच.

काशीबाई म्हणल्या होत्या, लई हिंमत. हिंमत नक्की कशाला लागते, ठेवायला का काढायला?

पिक्चर सुरू झालं. सज्ज्याचं दार उघडतंय.