कानात सांगायच्या आधी छापलेलं नाव

८ नोव्हेंबर, नांदेड
बाळ तीन दिवसांचं. बारसं सोळाला, इथेच माहेरी. सकाळी लातूरहून सर आले. नवराच माझा, पण क्लासमुळे सगळं गाव सर म्हणतं, मीही म्हणते. येताना नावांची यादी. सगळी 'अ'वरून. "हजेरीत नंबर पहिला लागतो, पोरगी पुढच्या बाकावर बसते." तीन दिवसांच्या जिवाला बाक. शिसारी आली. भिंतीकडे तोंड करून झोपले.

१० नोव्हें.
सांगून टाकलं, नाव सुशीचंच. म्हणजे शाळेतलं नव्हे, नाटकातलं. वडिलांनी, अप्पांनी, शाळेच्या गॅदरिंगला एक जुनं संस्कृत नाटक मराठीत बसवलं होतं, त्यात सुशी, माझी धाकटी बहीण, नायिका. आईचं लग्नातलं लुगडं दोनदा खोचून राजालाच खडसावत होती. पुढे आमचं लातूरकडचं जुनं गाव तिला त्याच नावाने हाक मारायचं. भूकंपात गेली तेव्हा मेलेल्यांच्या यादीतही शेजाऱ्यांनी तेच सांगितलं. अप्पांनी तहसीलला जाऊन दुरुस्त करून घेतलं.

नाव इथे लिहीत नाही. आधी बाळाच्या कानात, आत्याच्या तोंडून. मग कागदावर.

सासूबाई फोनवर : "मेलेलीचं नाव कशाला? दुसरी नावं न्हाईत का?"

१३ नोव्हें.
सरांचा फोन, एकदम गोड. "तू म्हणतेस तेच नाव ठेवू." सासूबाईंनाही पटवलं म्हणे. मी येड्यासारखी रडले. अप्पांना सांगितलं, तर नाटकातली वाक्यं पुटपुटत बसले. सगळी पाठ आहेत अजून.

१५ नोव्हें.
सर आले. सोबत पत्रकांचे गठ्ठे. पहिलं हौसेने माझ्या हातात दिलं. वर बाळाचा फोटो, दवाखान्यातल्या टॉवेलातला. खाली ठळक नाव. 'भूकंपाने हिरावलेल्या मावशीचं नाव लेकीला. त्याच नावाने आमच्या क्लासचं खास मुलींचं होस्टेल. घरगुती मेस, चोवीस तास पाणी.'

सुशी मातीखाली पाणी मागत गेली. हे मीच यांना सांगितलं होतं, लग्नानंतर.

म्हटलं, कानात सांगायच्या आधी छापलंत? "अगं, जूनच्या अ‍ॅडमिशन आत्तापासून सुरू होतात."

नवऱ्याची किळस यावी, हे लिहितानाही लाज वाटते. पण येते. त्यांनी बाळाला उचललं तेव्हाही आली.

१६ नोव्हें.
नाव बदलायचं, असं ठरवूनच उठले होते. पण अप्पांनी पत्रक वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "किती चांगल्या कागदावर आलंय गं पोरीचं नाव," म्हणाले, आणि देवघरात नेऊन ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. त्यांना काय सांगू

बाहेर बाया जमल्यात. सर प्रत्येकीला घुगऱ्यांसोबत पत्रक देऊन राहिलेत. नलूताई, बाळाची आत्या, उदगीरहून आल्यात. आत येऊन म्हणाल्या, "वैनी, पाळण्यात घालायची येळ झाली. कानात पत्रकातलंच सांगू ना? तेवढं सांगा की."

म्हटलं, थांबा, पाजते आहे.

बाळ केव्हाच पिऊन झोपलंय. ताई दारात उभ्याच आहेत.