बाभळीचं म्यान

इंद्रजितदादा,

सकाळच्या बसनं मुकुटबनला, भीमराजच्या आईकडे, सत्यशीलाकाकूंकडे जाते आहे. वरण गरम करून घे.

नदीत हरवला म्हणालास, तो भीमराजचा चाकू तुझ्या पेटीत सापडला. मी तो म्यानासकट पाण्याच्या बादलीत ठेवला. चाळीस मिनिटांत लाकूड फुगलं आणि दोन्ही हातांनी ओढूनही चाकू निघेना. बनवताना मी नायलॉनच्या जाळ्यावर धार सतरा वेळा तपासली होती, म्यान एकदाही भिजवलं नव्हतं. बुडालेल्याला काढायला उतरलेला भीमराज जाळ्यात अडकला, तेव्हा चाकू उपसलाच गेला नाही. हे तुला माहीत होतं.

मयतीत सत्यशीलाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इंद्रजित, काहून सोडलं रे त्याले पाण्यात?" तू माझ्यासाठी गप्प राहिलास. आज मी त्यांना खरं सांगणार आहे. मला अडवायला येऊ नकोस.

नवा चाकू खिळ्याला टांगला आहे. त्याचं म्यान प्लास्टिकच्या पाइपचं आहे. दोन दिवस पाण्यात ठेवूनही चाकू सहज निघतो. तरी उतरण्याआधी स्वतः उपसून बघ. भीमराज हसून म्हणाला होता, "बीएस्सीवालीनं बनवलं हाय, तपासू कायले?"

उर्वशी