मुठीत वितळलेली कुपी

४ जून

आज सगळं बदललं! तिने स्वतःच्या हाताने माझी मूठ मिटली. आत कुपी — नखाएवढी, बर्फ झालेली. "घट्ट धर. वितळली की दे." मी प्रयोगशाळेत काचा धुणारा, उबवणीपेटीतली अंडी फिरवणारा. ती संशोधन करणारी. "तुझ्या हाताला छान ऊब आहे रे." — मेलो!

घरी दादाचं तेच. "कॉलेज सोडून काय दिवे लावलेस?" सांगू याला?

५ जून

कुपीत काय आहे, सांगितलं तिने. प्रथिन. असतं कोंबडीच्या पिलाच्या अंगातच, पण हे जिवाणूंकडून करवून घेतलेलं. काम एकच — पेशींना निरोप द्यायचा, 'इथे बोट फुटू दे.' त्यात भिजवलेला मणी, मोहरीहून बारीक, अंड्याला खिडकी पाडून पिलाच्या कोवळ्या पंखाच्या कडेला ठेवायचा. मग तीनाची सहा बोटं, आरशात बघितल्यासारखी!

"नुसत्या निरोपाने एवढं?"

"पोचला पाहिजे मात्र," म्हणाली. माझ्याकडे बघून. माझ्याकडेच!

८ जून

रोज तीच कुपी. सकाळी माझ्या मुठीत वितळते, संध्याकाळी परत गोठवायची. "पहिल्याच दिवशी छोट्या कुप्यांत वाटून ठेवायचं असतं खरं तर. कोण बसणार? तू आहेस की!"

मी आहे की.

१५ जून

अंडी फोडली. एकूण एक पिलाला तीनच बोटं. ती रडली — आता सर ओरडणार म्हणून. वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं — सरांचं.

१६ जून

सर लालबुंद. "कितीदा वितळवली ही? दर खेपेला थोडं मरतं ते! शेवटी उरतं पाणी. कुणाचे उद्योग?"

ती जमिनीकडे बघत — "तोच काढायचा, सर. मी सांगितलं होतं, बर्फात ठेव म्हणून."

कधी? कधी सांगितलं होतंस?

"अर्धवट पोरांच्या हातात दिलं की असंच व्हायचं," सर म्हणाले. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ म्हणाले. आणि मी गप्प. मी! प्राचार्यांच्या टेबलावर पुस्तकं आपटून निघून आलेला मी — तिच्यासाठी मूग गिळून गप्प.

जेवलो नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं.

१७ जून

उद्या भेटेल. एक शब्द बोलली तरी पुरे.

१८ जून

बोलली. "रागावलास? अरे, माझी पदवी अडकली असती. तुझं काय, तू तर सोडलेलंच आहेस." वर हसली! मग नवी कुपी पुढे केली. "या वेळी वाटून ठेवलंय सगळं. ही एवढी धर ना."

मेला हात आपोआप पुढे गेला! कुपी घेतली. बर्फाच्या डब्यात खोचली.

"हे काय?"

"तू सांगितलं होतंस ना — बर्फात ठेव."

माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली खुंटीला अडकवली. बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.