‘डाळिंबाचं अंगण’चा शेवटचा आठवडा

सोमवार, ४ मार्च

नेस्रिन आज अकरा वेळा रडली. सासूने दागिने लपवले म्हणून रडली, सापडले तेव्हाही रडली. आणि जिहान? हनुवटी उचलून खिडकीबाहेर बघतो. पगार बहुतेक हनुवटीचाच मिळत असावा. पण शेवटचे चार भाग उरलेत आणि मला चैन नाही — ती जहाजावर चढणार की नाही?

सगळं झेनॉनला सांगितलं. ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आल्यापासून माझा नवरा एक शब्द बोललेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बोलत राहा. त्यांना कळतं सगळं." बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवीन काय बोलणार? म्हणून मालिका. पूर्वी मी ती लावली की हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. आता बिचारा आयताच सापडलाय.

मंगळवार, ५ मार्च

बोलायला शिकवणारी मुलगी चित्रं घेऊन आली. मासा, खुर्ची, छत्री. झेनॉनने तोंड फिरवलं. जाताना ती दारात हळूच म्हणाली, "सहा महिने उलटले की आशा कमी होत जाते." तिच्यासाठी खसखशीचा केक काढून ठेवला होता. दिला नाही. मग स्वयंपाकघरात उभी राहून मीच खाल्ला आणि रडले, नेस्रिनसारखी.

बुधवार, ६ मार्च

शेजारच्या बोझेनाबाई म्हणतात, "परदेशात प्रत्येक पात्राला वेगळा आवाज असतो. आपल्याकडे हा एकटा लेक्टर मूळ आवाजांवरून सगळ्यांचं भाषांतर वाचतो, नायिकेचंसुद्धा."

मग काय बिघडलं? मला तोच आवडतो. "माझं तुझ्यावर प्रेम आहे", "चहात विष घाल", "गाडी काढ" — सगळं एकाच सपाट सुरात. मागून तुर्की लोक किंचाळत असतात आणि हा शांतपणे वाणसामानाची यादी वाचल्यासारखा! भावना आपल्या आपण घालायच्या.

गुरुवार, ७ मार्च

सासूने खरंच विष घातलं! मोतीबिंदूमुळे मला चेहरे धूसर दिसतात, पण ते हसू दिसलं.

शुक्रवार, ८ मार्च

महिला दिन. दर वर्षी झेनॉन ट्यूलिप आणायचा, कागदात गुंडाळून, काही न बोलता टेबलावर ठेवायचा. यंदा नाहीत, साहजिकच.

संध्याकाळी शेवटचा भाग. लावला तर लेक्टरच नाही! नुसती तुर्की, खाली पांढरी अक्षरं, आणि मला त्यातलं एक दिसेना. मी टीव्हीवर ओरडले, "अरे, कुणीतरी सांगा काय चाललंय!"

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. घोगरा, सपाट. "तांत्रिक. अडचण. क्षमस्व."

सहा महिन्यांनी नवरा बोलला आणि काय, तर वाहिनीची माफी! मी हललेसुद्धा नाही, हलले तर थांबेल अशी भीती. तो वाचत गेला. अडखळत, शब्द गाळत, नेस्रिन, जिहान, सासू, सगळ्यांचं एकाच सुरात. सासूला पकडलं. नेस्रिन जहाजावर चढली, जिहान धावत आला. मला हसू आवरेना आणि रडूही.

फक्त शेवट फसला. जहाज निघालं, गाणं लागलं, आणि जिहान म्हणतो, "तू बडबडत राहिलीस. म्हणून मी टिकलो." काहीतरीच! दोनशे अठ्ठेचाळीस भाग ही बाई रडण्यापलीकडे काही करत नाही आणि म्हणे बडबड! लिहिणाऱ्याला स्वतःची नायिका माहीत नाही.

शनिवार, ९ मार्च

बोझेनाबाईंना जिन्यात गाठून ते वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कसली बडबड? शेवटी कुणी बोललंच नाही. नुसतं जहाज आणि गाणं. खाली एक अक्षर नव्हतं."

घरात आले. झेनॉन वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता.