पाकिटावरची उमादेवी

लातूर, ३ मे १९८३

ती. शिवगंगाअक्कास धाकटीचा साष्टांग नमस्कार.

पोरगी झाली. आम्ही दोघी बऱ्या हाव. तुमच्या विहिरीला पाणी न्हाई म्हणून बाळंतपणाला मुखेडला नेलं न्हाईस, त्याचा राग न्हाई. इथंबी टँकरच हाय.

राग हाय तो तू पाकिटावर लिहिलेल्या 'सौ. उमादेवी'चा. उमादेवी ह्यांची पहिली बायको. ती वारली म्हणून मी आले. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं तिचंच नाव काढलं. सासूबाई म्हणल्या, घराच्या तोंडात तेच बसलंय. कुणी हाक मारली की मी आधी तिच्या फोटोकडं बघते, मग ओ देते. नवा जिल्हा झाला तसं ह्यांनी दुकानाच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. माझंबी तसंच केलं.

पोरीचं नाव मी सिद्धम्मा ठेवणार हाय.

तुझीच,
सिद्धम्मा


मुखेड, ९ मे १९८३

चि. सिद्धीस अनेक आशीर्वाद.

लई आनंद झाला. नाक आपल्याकडचं नसलं म्हणजे मिळवली. बाई, तुझ्या नावानं दोन पत्रं टाकली होती. ह्या नावाचं कुणी न्हाई म्हणून पोस्टमननं परत पाठवली. मग काय करू?

पण जित्या माणसाचं नाव लेकराला ठेवत नसतेत. आयुष्य तुटतं. आपली आई गेली, तिचं ठेव, गौरम्मा. तुझी सासूच ऐनवेळी पाळणा धरून नाव अडवंल अन् चारचौघांत तुझी शोभा होईल. हट्ट करू नको. मला माहेरचं म्हणून तूच एक उरलीस.

जिवाला जप.
तुझी अक्का


लातूर, २० मे १९८३

ती. अक्कास नमस्कार.

बारसं झालं. कुणी पाळणा धरला न्हाई. सिंधु नणंदेनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, सिद्धम्मा. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं गं हे नाव? मी म्हणलं, आमच्याकडं एक होती. गेली का बिचारी, लिंगैक्य झाली का, म्हणल्या. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. शेजारी उभं राहून ह्यांनीबी जोडले.

मला बघायला आले तेव्हा, नाव जरा मोठ्यानं सांग, असं हीच दोघं म्हणली होती, अक्का.

माया पातळ होऊ देऊ नको.
पोरीची आई