दीड वाजताचा उपग्रह

४ जानेवारी
लाल! आमची पेठ अवकाशातून लालभडक दिसते म्हणे. पुतणी अक्षता पुण्यात उपग्रहाच्या आकड्यांवरून शहरांच्या हवेचे नकाशे करते, तिनेच मोबाइलवर पाठवला. "काका, हा तुमच्या पेठेतल्या सूत रंगवणाऱ्या डाइंग कारखान्यांच्या बॉयलरांचा धूर." त्याला उपग्रह कशाला हवा? दोरीवर वाळत घातलेला माझा सदरा पुरला असता.
आमची आई, अव्वा, मात्र खूश. "वरनं दिसलं म्हंजे आता बॉयलर हलवतील की!" दमा तिचा, आशाही तिचीच. दिवस मावळला की बॉयलर विझतात. तेव्हा ती अंगणात बाजेवर बसून दिवसभराचा श्वास घेऊन टाकते.

८ जानेवारी
महापालिकेत बैठक. साहेब म्हणाले, "हा लालपणा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतल्या धुळीचा." यात्रा अजून भरायचीय! धूळ आगाऊ जागा धरायला आली असावी. डाइंगवाल्यांचे पुढारी शिवयोगीअण्णा — "उपग्रहाला काय कळतंय हितलं? परदेशी त्यो!" शेवटी ठरलं : महिनाभर नकाशा बघायचा. लाल राहिला तर बॉयलर गावाबाहेर.

११ जानेवारी
अक्षताला विचारलं, हा तुझा उपग्रह चोवीस तास डोळे लावून असतो का गं? "छे! दिवसातनं एकदा. दुपारी दीडच्या सुमारास." हसून पोट दुखलं. पेपरातल्या माझ्या उद्याच्या विनोदी सदराची सोय झाली.

१२ जानेवारी
छापून आलं. डाइंगवाल्यांना माझा सल्ला — 'सकाळी बॉयलर पेटवूच नका. दीडचे साहेब वरून गेले की दोनला पेटवा, रात्री अकरापर्यंत खुशाल धूर सोडा. साहेब रात्री तपासणीला येत नाहीत.' सकाळपासून फोन. लोक खो खो हसतायत.

१५ जानेवारी
भर चौकात शिवयोगीअण्णा पायाला हात लावायला वाकले! "सर, लई भारी आयडिया दिली की तुमी! कालपास्नं सगळ्या मालकांनी दोनची पाळी धरलीया." अहो, ती थट्टा होती! "व्हय व्हय, थट्टाच की!" — आणि डोळा मारला. उपरोध कळायला अक्कल लागते. ह्यांच्याकडे फक्त बॉयलर.

१९ जानेवारी
अव्वा संध्याकाळची अंगणात जातच नाही. दारं-खिडक्या बंद, तरी खोकला. आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसते. "सकाळचं बरं असतंय की रे. दिवस मावळताच काय होतंय?"
मी वाफाऱ्याचं पाणी ठेवायला उठलो.

८ फेब्रुवारी
नकाशा निळा! महापालिकेने अभिनंदनाचा ठराव केला. गावाबाहेरचा विषय बंद. अक्षता फोनवर ओरडत होती — "दीडचा नकाशा म्हणजे दिवसभराची हवा नव्हे!" तिला विचारतो कोण? डाइंगवाल्यांनी माझा सत्कार ठेवलाय, चादर आणि नारळ. चादर त्यांचीच, स्वस्तात पडली असेल.
गेलो नाही.

१० फेब्रुवारी
अव्वाला मोडनिंबला ताईकडे ठेवून आलो. आता तिकडेच राहील. गाडीत म्हणाली, "तू पेपरात लिहितोस न्हवं? एकदा लिही की ह्या धूरवाल्यांवर. तुझं ऐकतील."