शिक्क्यातलं मधलं नाव

अप्पा, परवा मेडिकल कौन्सिलच्या चौकशीत माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि त्यावर तुमचं नाव होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं नाव आता दिसतं ते आईच्या पेन्शनच्या पुस्तकात नाहीतर लाइटच्या बिलावर. इथे ते जांभळ्या शाईत होतं, माझं नाव आणि आडनाव यांच्या मधोमध, एका खोट्या केसपेपरवर. खोटा म्हणजे साफ खोटा. वारज्याच्या हॉस्पिटलात एक बाई डेंग्यूने चार दिवस अ‍ॅडमिट होती, मी तिला रोज तपासलं, असं त्यात लिहिलेलं. त्याच्या जोरावर हॉस्पिटलने विमा कंपनीकडून बिल वसूल केलेलं. खाली सही. ती मात्र खोटी नाही हो, ती माझीच. बाई समोरच बसली होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "या डॉक्टरांना ओळखता?" तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "न्हाई बा. आजच बघतीय. मला कुठला डेंग्यू? धडधाकट हाय मी. तपासणी फुकट हाय म्हनले, कार्ड तेवढं मागून घेतलं." नवऱ्याच्या ऑपरेशनला तेच कार्ड पुढे केलं तेव्हा तिला कळलं, विम्याची रक्कम आधीच संपलीय. अशा सतरा केस निघाल्या, अप्पा, आणि सतराही कागदांवर तोच शिक्का.

तुम्हीच करून आणलेला. माझं रजिस्ट्रेशन झालं त्याच आठवड्यात. त्यात तुमचं नाव हवंच, असा हट्ट मी धरला होता. "माझं कशाला? मी काय औषध देणारे?" असं म्हणालात, आणि तरी पूर्ण नाव घालूनच आणलात. मला अजून दिसतंय, बिबवेवाडीच्या त्या स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्यापाशी उभे राहून कॅलेंडरच्या जुन्या पानावर तीनदा ठसा उमटवताय, चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर वाचताय. मग ते पान तुम्ही गॅसवर धरलंत. "अहो, पोळी जळेल!" आई ओरडली. तुम्ही पान पुरतं राख होईपर्यंत हलला नाहीत.

का, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. चौथीच्या सुट्टीत तुमच्याबरोबर कचेरीत आले होते, आणि तुम्ही पाणी प्यायला उठलात तेवढ्यात तिथला गोल शिक्का मी माझ्या चित्रकलेच्या वहीवर उमटवला. चांगला आला होता. सगळ्या स्टाफसमोर तुम्ही ते पान टरकन फाडलंत. घरी चपला काढताना म्हणालात, "माझ्या बापाने कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. पुढे काय झालं ते आजीला विचार." आजीला विचारलं, तर ती उठून आत गेली. जमीन गेली ती तशी, हे मला फार उशिरा कळलं.

आणि एवढं सगळं माहीत असून मी काय केलं? हॉस्पिटल माझ्या वर्गमित्राचं, मी तिथे आठवड्यातून दोनदा जायचे. तो म्हणाला, "अगं, तू ट्रॅफिकमधून येईपर्यंत पेशंटचा डिस्चार्ज खोळंबतो. दहा-बारा केसपेपरवर सह्या करून ठेव, शिक्का रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये राहू दे." मी शहाणी, ठेवला! कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, चहा पीत, फोनवर बोलत, वर्षानुवर्षं. सगळेच ठेवतात, अप्पा. चौकशीत मी हेही म्हणाले. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सगळ्यांना बोलावूच. आज आपण आला आहात." तुम्ही असतात तर हेच म्हणाला असतात. मला लाज वाटली, आणि खरं सांगू, रागही आला.

माझे वकील म्हणतात, शिक्का चोरीला गेला, सह्या कुणीतरी हुबेहूब गिरवल्या, असं लेखी द्या. सगळं वर्गमित्रावर ढकला आणि मोकळ्या व्हा. नाहीतर रजिस्ट्रेशन जाईल, काही वर्षांसाठी किंवा कायमचं. त्यानेही काल फोन केला होता, "गप्प बसलीस तर दोघं वाचू." वाचू म्हणे! रात्रभर त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलला नाही. सकाळी बसून मी लिहून काढलं: सह्या माझ्या, कागद कोरे होते, शिक्का मीच ठेवला. वकिलांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." म्हटलं, धोंडा केव्हाच पडलाय, आता फक्त ओरडतेय. उद्या ते कौन्सिलला द्यायचंय.

त्यात एक गोष्ट नाही, कारण ती कौन्सिलने विचारलेली नाही. ती तुम्ही विचारली होती. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहायला धजावतेय. शेवटच्या आजारपणात, नाकात ऑक्सिजनची नळी असताना, तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "शिक्का जवळ असतो ना गं?" मी पर्सवर थाप मारून म्हटलं, "हा काय, अप्पा, इथेच." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. पर्समध्ये शिक्का नव्हता. तेव्हाही तो वारज्यालाच होता.